एका मुशीतली तार

आबांनी जंत्री राखीच्या हातात दिली तेव्हा गोकुळ शेगडीवर वाकलेला होता, म्हणून त्याचं तोंड कुणाला दिसलं नाही. एवढं एक बरं झालं.

जंत्री म्हणजे काही फार मोठी चीज नव्हे. वीतभर लांबीची पोलादी पट्टी, तिला ओळीनं भोकं. पहिल्यातून तुरीचा दाणा जाईल, शेवटच्यातून केस जाईल की नाही याची शंका. सोन्याची सळई या भोकांतून एकामागून एक ओढत गेलं की बारीक होत होत तिची तार होते, एवढंच त्या पट्टीचं काम. मलकापूरच्या सराफ्यात आता असली पट्टी कुणी हातात धरत नाही. तार यंत्रावर निघते, नाहीतर तयार मिळते. पण ही पट्टी आबांच्या, म्हणजे भगवानरावांच्या, वडिलांची होती आणि घरात सून यायची असली की तिच्या मंगळसूत्राची तार हिच्यातूनच निघायची. नात्यातल्या प्रत्येक घरानं सोन्याचा एक तुकडा द्यायचा, सगळे तुकडे एका मुशीत वितळवायचे, थोड्या सोन्याच्या ठोकून दोन वाट्या करायच्या आणि उरलेल्याची तार ओढायची. तार अखंड हवी, मधे जोड नको. आणि जो तार ओढेल, दुकानातली खिडकीजवळची बैठक त्याची.

हे शेवटचं कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं. पण भगवानरावांनी आपल्या वडिलांकडून जंत्री घेतली ती याच रीतीनं, एका लग्नाच्या आधी, आणि दुसऱ्या दिवसापासून खिडकीजवळ बसले ते आज अठ्ठ्याहत्तराव्या वर्षापर्यंत. गेल्या दिवाळीपासून त्यांचे हात थरथरायला लागले होते. तेव्हापासून त्यांचा थोरला मुलगा गोकुळ या दिवसाची वाट पाहत होता. खरं सांगायचं तर तीस वर्षांपासून पाहत होता. आता एक्कावन्नावं पुरं झालं होतं, केस पांढरे झाले होते आणि पुतण्या गजेंद्रचं लग्न चार दिवसांवर आलं होतं.

"तार राखी ओढते," आबा म्हणाले. एवढंच. जसं कुणी म्हणावं, चहा टाका.

दुकानामागच्या कामाच्या खोलीत सगळं गोत जमलं होतं. कूलर घरघरत होता, तरी एप्रिलचा उन्हाळा आणि शेगडी मिळून अंगाला चटके देत होते. बुलढाण्याहून आलेला गोकुळचा धाकटा भाऊ दीपक, नवरदेवाचा बाप, शाळेत मास्तर. त्याची बायको सारिका. वडनेर भोलजीहून आलेली चांगुणाआत्या, म्हणजे आबांची धाकटी बहीण, नव्या लुगड्यात आखडून बसलेली. आणि दाराशी हातात परात घेऊन गोकुळची बायको वंदना, तिला आत यावं की स्वयंपाकाकडं जावं हे ठरवता येत नव्हतं.

पहिली बोलली सारिका.

"आबा, राग नोका मानू. पण भाऊजी असताना पोरीच्या हातात? उद्या ती लग्न करून जाईन, मग बैठकीवर कोण बसन?"

"का, पोरीनं बसू नये का?" दीपक म्हणाला. "माझ्या वर्गात पाहा, पहिल्या पाच पोरीच असतात. आबांनी बरोबर केलं." दीपकला सोन्यातलं काही कळत नव्हतं, त्यामुळे या विषयावर त्याचं मत नेहमी तयार असे.

"तुमी गप बसा. तुमाले जंत्री कोणती अन् किसणी कोणती ते ठाऊक नाही."

"दादा, तुला काही वाटत नाही ना?" दीपकनं विचारलं.

"मले काय वाटते?" गोकुळ शेगडीकडं पाहतच म्हणाला. "माहीच पोर हाय."

आणि तीच तर पंचाईत होती. दीपकचं पोर असतं तर गोकुळ उघड चिडला असता, चार दिवस जेवला नसता, आणि अर्ध्या सराफ्यानं त्याची बाजू घेतली असती. पण आपल्याच पोरीवर जळणारा माणूस आपलं गाऱ्हाणं कुठं घेऊन जाणार? बायकोला सांगावं तर ती म्हणेल, तुमाले लाज नाही वाटत?

वाटत होती. लाज वाटत होती आणि जळणंही थांबत नव्हतं.

राखी खामगावहून शिकून आली तेव्हा तोच तिला दुकानात घेऊन बसला होता. नोकरी लागेपर्यंत बस म्हणाला. एका दुपारी तिनं गंमत म्हणून चांदीची सळई जंत्रीला लावली. पाच भोकं ओढून झाल्यावर ती थांबली आणि म्हणाली, "आबा, आता ही रागावली. हिले ताव द्यावा लागंल." आबांनी हातातलं काम खाली ठेवलं. कुठलाही धातू ठोकत, ओढत गेलं की कडक होतो आणि मग त्याला आगीत तापवून पुन्हा मऊ करावं लागतं, हे गोकुळनंच तिला सांगितलं होतं. पण कधी, हे सांगता येत नाही. ते हाताला कळावं लागतं. आबा म्हणाले, "पोट्टीचा हात मऊ हाय. सोन्याले कळते असा हात."

गोकुळ चार हातांवर बसला होता. तीस वर्षांत त्यानं आबांच्या तोंडून आपल्या कामाबद्दल दोनच शब्द ऐकले होते. चांगलं झालं की "ठीक", वाईट झालं की "परत कर". मेहकरच्या एका घराण्यासाठी त्यानं एकदा अकरा दिवस खपून तन्मणी घडवला होता. आबांनी तो उजेडात धरला, फिरवला, आणि म्हणाले, "ठीक." गोकुळ त्या एका शब्दावर महिनाभर खूश होता. आता राखी नुसती जांभई द्यायची तरी आबा म्हणायचे, "थकली का बेटा?" बेटा! हा शब्द म्हाताऱ्याला येतो हेच गोकुळला पन्नाशीत कळलं. तेव्हापासून तो शब्द दिवसातून किती वेळा येतो हे तो नकळत मोजू लागला होता. काल सात वेळा आला होता.

"चला, तुकडे द्या," आबा म्हणाले.

तुकडे गोळा करणं, तपासणं आणि मुशीत टाकणं हे काम गोकुळचं. वंदनानं आपल्या जुन्या डोरल्याचे दोन मणी दिले. दीपकनं वाकडी झालेली अंगठी दिली. आबांनी आपल्या सदऱ्याची सोन्याची गुंडी तोडून दिली. प्रत्येक तुकडा गोकुळ डोळ्याला भिंग लावून पाहायचा, कानशीनं जरा घासायचा आणि मुशीत सोडायचा.

चांगुणाआत्यानं पदराची गाठ सोडून एक बाळी काढली. "ही घे, बाबू. माह्या सासूची हाय. एकच उरली."

गोकुळनं बाळी भिंगाखाली धरली. आकड्याच्या आतल्या बाजूला, जिथं सहसा कुणी पाहत नाही, तिथं एक करडा ठिपका होता. राजगिऱ्याच्या दाण्याएवढा. सोनं जोडायला सोन्याचाच डाख देतात, तो असा करडा पडत नसतो. हे कथील होतं, आणि असल्या कथलात शिसं असतंच. मोडका आकडा कुणीतरी भांडी जोडावीत तसा जोडून दिला होता.

सोनाराच्या घरचं शेंबडं पोरही सांगेल की सोन्यात शिशाचा एवढासा कण गेला की संपलं. जे सोनं ठोकून कांद्याच्या सालीपेक्षा पातळ करता येतं, ओढून मैलभर नेता येतं, ते फुटाण्यासारखं फुटायला लागतं. वरून काही दिसत नाही. पिवळं ते पिवळंच.

उपाय अर्ध्या मिनिटाचा होता. कानस घ्यायची, आकडा तेवढा घासून तोडायचा आणि म्हणायचं, आत्या, हा एवढा तुकडा नाही चालत. गोकुळनं कानशीकडं हातही नेला.

तेवढ्यात पलीकडून आबांचा आवाज आला. राखी जंत्री पुसत होती आणि तिचे हात कापत होते. आबांनी तिच्या मनगटावर आपला थरथरता हात ठेवला होता. "घाबरू नोको बेटा. तुले कायची भीती? माह्यापेक्षा बरा हात हाय तुहा."

माह्यापेक्षा बरा!

बाळी मुशीत गेली. टाकली म्हणावं की पडली, यावर गोकुळनं नंतर पुष्कळ डोकं चालवलं. पण हात त्याचाच होता आणि मूस त्याच्याच पुढ्यात होती.

सोनं स्वच्छ वितळावं म्हणून त्यानं वरून टाकणखार टाकला, गॅसची ज्योत मोठी केली. बाळी, गुंडी, मणी, अंगठी एकमेकांत कलंडले, चिकटले, आणि बघता बघता मुशीत एकच लालपिवळा थेंब डोलायला लागला. चांगुणाआत्यानं हात जोडले. गोकुळनं सांडशीनं मूस उचलून सोनं साच्यात ओतलं. सळई झाली. थंड केली, ऐरणीवर ठेवली आणि राखीच्या पुढं सरकवली.

ती ठोकायला लागली. टक, टक, टक, बेताच्या लयीत, सळई फिरवत. मग थांबली.

"बाबा, हे पाहा न. कडेला केसावानी रेघा पडून राह्यल्या."

सगळं परत फिरवायची ही दुसरी संधी होती, आणि ती त्याच्याकडं त्याची पोर स्वतः घेऊन आली होती.

"ताव कमी पडला असंल," गोकुळ म्हणाला. "पुन्यांदा तापव."

तिनं ऐकलं. बापानं सांगितलं म्हणून ऐकलं. पुन्हा तापवली, पाण्यात बुडवली, रेघा कानशीनं घासून काढल्या, टोक निमुळतं केलं, मेण लावलं आणि जंत्रीच्या पहिल्या भोकात घातलं. सांडशीनं पलीकडून पकडून तिनं अंग मागं टाकलं. सळई आली. दुसरं भोक. तिसरं. दीपक हसत हसत मोजायला लागला. चौथं. पाचव्याला राखीच्या कपाळावर आठी पडली.

सहाव्या भोकात टच् असा आवाज झाला आणि ती पाठीवर आदळता आदळता राहिली. सांडशीत सोन्याचा बोटभर तुकडा होता. बाकीचं पट्टीत अडकलेलं.

राखीनं उरलेल्याला ताव दिला, पुन्हा टोक काढलं, पुन्हा ओढलं. पुन्हा तुटली. तिसऱ्यांदा तर नुसतं टोक पकडून ओढताच तुटली. तिचे तळवे लाल झाले होते आणि ती कुणाकडं पाहत नव्हती.

सारिकाचा बांध फुटला. "चार दिवसांवर लग्न अन् तीनदा तार तुटली! माह्या पोराच्या मंगळसूत्राची तार! म्या पह्यलेच म्हटलं होतं का नाही? भाऊजींच्या हातात द्या म्हटलं होतं का नाही?"

"म्हणजे तसं मलाही वाटतच होतं," दीपक म्हणाला. "अनुभव शेवटी अनुभव असतो."

"तुमीच म्हणले न भाऊजी, आबांनी बरोबर केलं म्हणून?" वंदना परात खाली आदळून आत आली. "घटकाभर नाही झाली. अन् सारिका, माह्या पोरीच्या हातात काय इख हाय का?"

"इख नाही म्हटलं, ताई. पण आमच्या गजेंद्रच्या संसाराचं तुमी पाहान का?"

"दोघी गप बसा," चांगुणाआत्या पुटपुटली. तिच्या आवाजात नेहमीचा दरारा नव्हता.

सारिका उठली. तिनं राखीच्या पुढ्यातली जंत्री उचलली, पदरानं पुसली आणि गोकुळच्या मांडीवर ठेवली. "भाऊजी, तुमी ओढा. तुमीच ओढा आता."

तीस वर्षं ज्याची वाट पाहिली ती पट्टी मांडीवर आली होती. तिचा गार जडपणा धोतरातून मांडीला लागत होता. सगळे त्याच्याकडं पाहत होते, आणि पहिल्यांदाच आबाही पाहत होते. आणि तेव्हा कुठं गोकुळच्या ध्यानात आलं की ही तार त्याच्या हातातही तुटणार आहे. कुणाच्याही हातात तुटणार आहे. एवढा पुढचा विचार जळणाऱ्या माणसाला होत नाही.

"थांबा," राखी म्हणाली.

तिनं तुटलेला बोटभर तुकडा उचलला होता आणि ती खिडकीच्या उजेडात उभी होती, डोळ्याला भिंग लावून. "आबा, हे तुटलं तिथं पाहा. ताव कमी पडला असता तर असं नसतं तुटलं. आत दाणे दिसून राह्यले, साखरेवानी. याच्यात कथील गेलं आबा. नाहीतर शिसं."

आबांनी तुकडा हातात घेतला. हात थरथरत होता म्हणून दुसऱ्या हातानं तो धरला आणि बराच वेळ पाहिलं. "हाव," ते म्हणाले. "कथील हाय."

मग जे सुरू झालं ते लग्नघरात होऊ नये असं होतं. सारिकानं वंदनाच्या मण्यांकडं बोट दाखवलं. वंदनानं दीपकच्या अंगठीचं काढलं, ती बाजारू आहे हे तिला पहिल्यापासून माहीत होतं म्हणाली. दीपक म्हणाला, अंगठी हॉलमार्कची आहे, हवी तर पावती दाखवतो. या सगळ्या गोंधळात चांगुणाआत्या हळूच म्हणाली, "माही बाळी असंल."

सगळे थांबले.

"आकडा मोडला होता," आत्या म्हणाली. "गावात कल्हईवाला आला होता भांडेवाला. त्याच्याकडून जोडून घेतला."

"कल्हईवाल्याकडून?" दीपक ओरडला. "सोनाराची लेक तू आत्या, अन् सोनं कल्हईवाल्याकडून जोडून घेतलं?"

"मंग कोणाकडून घेऊ?" आत्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "त्या वर्षी भाऊ माह्याशी बोलत होता का? शेताच्या वाटणीवरून दीड वरीस तोंड नव्हतं पाह्यलं यानं माहं. दुसऱ्या सोनाराकडं जाऊ? म्हणजे साऱ्या नांदुरा तालुक्यात झालं असतं, भगवानरावाची बहीण परक्याच्या दुकानात बसली. कल्हईवाल्याले काय ठाऊक म्या कोणाची कोण. मंग इसरून गेली म्या. आईशप्पत इसरून गेली."

ही चूक दुसऱ्या कुठल्या घरात झाली नसती. दुसऱ्या घरातली बाई सरळ सोनाराकडं गेली असती.

आबांनी मान खाली घातली. वंदना आत्याजवळ जाऊन बसली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली.

"जाऊ द्या आता," दीपक म्हणाला. भांडण आटोपण्याची त्याला घाई झाली होती. "झालं ते झालं. आत्या विसरली आणि दादाच्याही नजरेतून सुटलं. त्याच्या चष्म्याचा नंबर वाढला परवा. होतं असं. कुणाचीच चूक नाही."

वाट मोकळी होती. सरळ, स्वच्छ आणि सगळ्यांच्या सोयीची वाट. गोकुळनं फक्त एक शब्द म्हणायचा होता. त्यानं तोंड उघडलंही.

"गोकुळच्या नजरेतून?" आबा म्हणाले.

ते खरोखर चिडले होते.

"काय बोलून राह्यला बे दीपक? तुले काय ठाऊक? तीस वर्षं हा माह्या उजव्या हाताले बसला. याच्या नजरेतून एक डाख सुटला नाही. एकही नाही. माह्या नजरेतून सुटले, दोनदा. एकदा त्या मोताळ्याच्या पाटलाच्या पाटल्या होत्या. यानं पाह्यलं, गिऱ्हाइकासमोर तोंड नाही उघडलं, संध्याकाळी गुपचूप ठीक करून ठेवलं. याले वाटते मले ठाऊक नाही. असा पारखी अख्ख्या सराफ्यात नाही. माह्या बापातही नव्हता. तुमाले काय वाटते, म्या जंत्री राखीले कायच्या भरवशावर दिली? हा बाजूले हाय म्हणून दिली. अन् तू म्हणतो याच्या नजरेतून..."

आणि आबा थांबले.

वाक्य अर्धवट सोडून ते गोकुळकडं पाहायला लागले. आधी नुसतेच पाहत होते. मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू उतरत गेलं आणि त्यांनी नजर दुसरीकडं नेली.

गोकुळचे कान तापले होते. ही वाक्यं ऐकायला तो तीस वर्षं त्या खोलीत बसला होता. तन्मण्याच्या वेळी, पाटल्यांच्या वेळी, रोज संध्याकाळी दिवा लावताना. आता ती आली होती, सगळ्या गोतासमोर, मागितल्याच्या चौपट, आणि त्यांतलं एकही घरी नेता येत नव्हतं.

त्यानं जंत्री मांडीवरून उचलून खाली ठेवली.

"सुटलं नाही आबा," तो म्हणाला. "पाह्यलं होतं म्या. मुशीत टाकायच्या आधी."

"अजी!" वंदना म्हणाली. तिचा हात आत्याच्या पाठीवरच राहिला.

"दादा, तू काय बोलतोस कळतं का तुला?"

"कळते. कानशीकडं हातही नेला होता. पण घेतली नाही."

"काऊन बे?" आबांनी विचारलं. आवाज अगदी बारीक होता.

गोकुळला वाटलं होतं की आपण काहीतरी मोठं बोलू. बैठकीचं, रीतीचं, वडीलकीचं. पण तोंडातून जे आलं ते लहान पोराच्या तक्रारीसारखं आलं. "तुमी तिले म्हटलं, माह्यापेक्षा बरा हात हाय. मले तुमी 'ठीक'च्या पुढं कधी काही म्हटलं का? एकदा तरी?"

"तुले सांगाव लागते का?"

"हाव," गोकुळ म्हणाला. "सांगाव लागते, आबा."

आबांनी हातातला तुटका तुकडा ऐरणीवर ठेवला. सारिका जमिनीकडं पाहत होती, पण मघासारखी रागावलेली नव्हती, नुसती अवघडलेली होती. चांगुणाआत्यानं नाक ओढलं आणि ती म्हणाली, "आमच्या घरात बोलाव तवा कोणीच बोलत नाही," आणि ते कुणाला उद्देशून होतं ते तिलाच ठाऊक.

राखी अजून खिडकीजवळ उभी होती. गोकुळला तिच्याकडं पाहायचं धैर्य झालं नाही. ती ओरडेल, रडेल, निघून जाईल, काहीतरी होईल म्हणून तो मान खाली घालून बसून राहिला. तिचे लाल झालेले तळवे तेवढे त्याला दिसत होते.

"नवसागर कुठं ठेवला, बाबा?" तिनं विचारलं.

तो गडबडला. "आं? वरच्या फळीवर. निळ्या डब्यात."

तिनं स्टूल ओढलं, डबा काढला, सगळे तुटके तुकडे मुशीत गोळा केले आणि शेगडीपुढं बसली. "दोन-तीनदा आटवून घेते. कथील निघून जाईन. काकू, खिडकी उघडा, धूर होते याचा." सारिका मुकाट्यानं उठली आणि तिनं खिडकी सताड उघडली. बाहेरून रस्त्यावरच्या ट्रकांचे आवाज आत आले.

"गॅस तुमी धरा, बाबा," राखी म्हणाली. "माहे हात दुखून राह्यले."

त्यानं ज्योत धरली. सोनं वितळलं, तिनं चिमूटभर नवसागर टाकला, पांढरा धूर भपकन वर आला आणि दोघांच्याही डोळ्यांत गेला. थंड केलं, पुन्हा वितळवलं. तिसऱ्या वेळी थेंबाचा पृष्ठभाग आरशासारखा झाला. तिनं छोटी सळई करून ऐरणीवर चार टोले मारले. कडा फुटल्या नाहीत. सोनं पसरलं, लोण्यासारखं.

"आलं," आबा म्हणाले.

राखीनं काट्यावर वजन केलं. "घट आली. वाट्या अन् तार, दोन्ही नाही निघायचं याच्यात. अजून एक तुकडा पाह्यजेन."

गोकुळनं आपल्या बोटातली अंगठी काढायला सुरुवात केली. ती सहजासहजी निघेना, म्हणून त्यानं मेण लावलं. आबांनी त्याच्या लग्नात स्वतः घडवलेली अंगठी होती ती, नुसती गोल, नक्षी नसलेली. लहानपणी राखी त्याच्या मांडीवर बसून ती बोटात गरगर फिरवायची आणि म्हणायची, बाबा, ही निघत काऊन नाही? सत्तावीस वर्षांत ती कधी निघाली नव्हती. आता निघाली, बोटावर पांढरा वळ सोडून.

त्यानं ती राखीच्या तळव्यावर ठेवली. तिनं मुठीत घेतली. मूस तिच्यापुढंच होती, तापून तयार.

मग तिनं भिंग डोळ्याला लावलं, अंगठी उजेडात धरली, आणि आतून, बाहेरून, सावकाश, दोन्ही बाजूंनी तपासून पाहिली.